डेअर, डी, दास आणि आपली मराठी



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी फराळाच्या टेबलामागे उभी होते. पुण्याहून नुकतीच आलेली एक मैत्रीण बशी पुढे करत म्हणाली, "ताई, जर्मन यायला किती दिवस लागतात हो?" माझ्या हातात चिवड्याचा डाव होता आणि तिच्यामागे वीस माणसांची रांग. मी म्हटलं, "सांगते सावकाश." ते सावकाश राहूनच गेलं. आता संपादकांनी मजकुरासाठी तगादा लावला आहे, तेव्हा तेच उत्तर इथे लिहिते. उत्तर जरा लांबलं आहे आणि त्यात माझी फजितीही आहे. पण फजिती गाळली तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

मी भाषेची अभ्यासक नाही. रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि २०१७ साली नवरा, एक वर्षाचा मुलगा आणि चार बॅगा घेऊन मानहाइमला आले. नोकरी ऱ्हाइनपलीकडच्या प्रयोगशाळेत. तिथे सेमिनार इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत, चहाच्या वेळच्या गप्पाही इंग्रजीत. नवरा संगणकवाला, त्याच्याकडे तीच तऱ्हा. दुकानात वस्तू उचलायची, यंत्रावरचा आकडा वाचायचा, पैसे द्यायचे. जर्मन येत नाही म्हणून दोन वर्षांत आपलं काही अडलं नाही, असं मी अभिमानाने सांगत असे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध जोडपं राहायचं. आजोबा फारसे दिसत नसत. आजी मात्र रोज जिन्यात भेटायच्या. इथे आजीला ओमा म्हणतात. माझ्या मुलाने त्यांना ओमा म्हणायला सुरुवात केली, मग आम्हीही. ओमा काहीतरी बोलायच्या, मी हसून "या, या" म्हणजे "हो, हो" म्हणायचे आणि त्या "आला!" म्हणून निघून जायच्या. कोण आला, हे मला बरेच दिवस कोडं होतं. या भागाच्या बोलीत 'आला' म्हणजे 'बरं तर मग', हे खूप नंतर कळलं.

नोव्हेंबर २०१९ मधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मी मुलाला पाळणाघरातून घेऊन जिना चढत होते. ओमा दारात उभ्या होत्या. त्या हळू आवाजात एक लहानसं वाक्य बोलल्या. त्यातलं 'माइन मान', म्हणजे 'माझा नवरा', एवढंच मला कळलं. आजोबा काही दिवस हॉस्पिटलात आहेत हे ठाऊक होतं. घरी आले असतील, असं मी मनाशी ठरवलं आणि तोंडभर हसून म्हटलं, "श्योन! श्योनेस वोखनएंडे!" म्हणजे छान, शनिवार-रविवार छान जाऊ दे. ओमा क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

सोमवारी वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी काळ्या कडेचं एक कार्ड घेऊन आमच्याकडे सह्यांसाठी आला. त्याने इंग्रजीत सगळं सांगितलं. शुक्रवारचं ते वाक्य होतं, "माइन मान इस्ट गेश्टोर्बन." माझा नवरा वारला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शब्दकोश काढून दोन वाक्यं जुळवली, देवनागरीत चिठ्ठीवर लिहिली आणि पाठ केली. आपल्याकडे अशा घरी शेजारचे पिठलं-भात नेतात. पिठलं त्यांना झेपेल की नाही कळेना, म्हणून वरण-भात नेला. दार उघडल्यावर म्हटलं, "एस टूट मिअर झेअर लाइट. इश हाबे झी निश्ट फेअरश्टांडन." मला फार वाईट वाटतंय. मला तुमचं बोलणं कळलंच नव्हतं. ओमांनी डबा घेतला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आला, कोमन झी राइन." आत या.

अडलं नव्हतं असं मला वाटत होतं, ते असं. अडलं होतं, फक्त ते मला कळायलाही जर्मन लागत होतं.

मग मी संध्याकाळचा वर्ग धरला आणि फोनवर शिकवणी घेतली. पहिले चार महिने जवळजवळ फुकट गेले. दोष शिक्षकांचा नव्हता. माझा रस्ताच लांबचा होता. प्रत्येक वाक्य मी मनात इंग्रजीत करायचे आणि तिथून जर्मनमध्ये न्यायचे. नव्या भाषेकडे इंग्रजीतूनच जायचं, अशी आपल्याला सवय लागलेली असते. त्यामुळे इंग्रजीला जे अवघड वाटतं ते मलाही अवघडच वाटत होतं.

ओमांनी मला दर मंगळवारी तासभर बोलवायला सुरुवात केली होती. त्यांच्या नातवंडांच्या जुन्या गोष्टींच्या पुस्तकातून मी मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी चुका सांगायच्या. 'दास किंट', म्हणजे मूल, यावर मी नेहमीप्रमाणे अडखळले. डेअर, डी की दास? ओमांनी सहज विचारलं, तुमच्या भाषेत मूल कसं असतं? मी म्हटलं, "ते मूल." आणि थांबले. तो, ती, ते. डेअर, डी, दास. शाळेत पाठ केलेलं पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग! इंग्रजीत हा प्रकारच नाही, हिंदीतही दोनच लिंगं. आपल्याकडे मात्र तिन्ही शाबूत आहेत आणि मी ते घरी ठेवून इंग्रजीच्या दाराशी उसनं मागायला उभी होते.

त्या दिवसापासून मी इंग्रजी मधून काढून टाकली. मला जे सापडलं ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट लिंगाची. मराठीतलं लिंग जर्मनमध्ये तसंच उतरत नाही, हे आधी पक्कं लक्षात घ्या. घर, पुस्तक, पाणी, मीठ ही आपली 'ते' आहेत आणि तिकडे 'दास' आहेत. चंद्र आणि दिवस दोन्हीकडे पुल्लिंगी. रात्र आणि भाषा दोन्हीकडे स्त्रीलिंगी. पण सूर्य तिकडे बाई आहे, दूध स्त्रीलिंगी आणि झाड पुल्लिंगी. तेव्हा जुळवत बसू नका. फायदा वेगळाच आहे. वस्तूला लिंग असतं, ते तर्काने ठरत नाही आणि शब्दाबरोबरच तोंडात बसतं, हे आपल्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही. आपण 'टेबल' शिकलो तेव्हा 'ते टेबल' म्हणूनच शिकलो. जर्मन शब्दही तसाच उचलायचा. 'टिश' असा सुटा कधीच नाही, 'डेअर टिश' असाच. मुलीला 'दास मेटशेन' म्हणजे नपुंसकलिंग कसं, म्हणून वर्गात सगळे हसले. मी हसले नाही. माझी मालवणची आजी मुलीला 'ता चेडू' म्हणायची.

थोडे नियमही आहेत, ते मात्र घोकावेत. 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट' यांनी संपणारे शब्द स्त्रीलिंगी. 'शेन' आणि 'लाइन' लावून लहान केलेले सगळे नपुंसकलिंगी.

दुसरी गोष्ट विभक्तीची. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत: आपल्या प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. आपल्याकडे प्रत्यय लागताना नाम बदलतं, घोडा-घोड्याला. त्यांच्याकडे बदल मुख्यतः आधीच्या डेअर-डी-दासमध्ये होतो. पण खरा आनंद पुढे आहे. 'मला आवडतं' हे इंग्रजीत 'मी आवडते' अशा थाटात सांगावं लागतं. जर्मनमध्ये 'एस गेफेल्ट मिअर', ते मला आवडतं. 'मिअर' म्हणजे सरळ आपलं 'मला'. 'मिअर इस्ट काल्ट', मला थंडी वाजतेय. त्या दिवशी ओमांच्या दारात म्हटलेलं 'एस टूट मिअर लाइट' हेही 'मला वाईट वाटतं' याच घडणीचं आहे. तेव्हा मी ते पोपटासारखं म्हटलं होतं.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. वर्गातले इतर लोक ज्याला घाबरतात ते जर्मन जोडवाक्य आपल्याला घरचं आहे. 'मला ठाऊक आहे की' या अर्थाचं 'इश वाइस, दास' म्हणून झालं की पुढचा भाग ऐका: 'एअर मोर्गन नाख पुणे फेअर्ट'. एअर म्हणजे तो, मोर्गन उद्या, नाख पुणे पुण्याला, फेअर्ट जातो. तो उद्या पुण्याला जातो. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने! साध्या वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी येतं, 'एअर फेअर्ट मोर्गन नाख पुणे'. तेवढी एक सवय नव्याने लावायची.

चौथी गोष्ट आकड्यांची. एकवीस म्हणजे एक आणि वीस. जर्मन 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणजेही एक आणि वीस. इंग्रजीतून गेलात तर प्रत्येक आकडा उलटा करावा लागतो. मराठीतून गेलात तर तो सुलटाच असतो. वेळेचंही तसंच. 'हाल्ब द्राय', शब्दशः 'अर्धे तीन', म्हणजे अडीच. माझ्या मुलाच्या लसीची वेळ हाल्ब द्राय होती आणि मी इंग्रजी हिशोबाने साडेतीनला जाऊन पोचले होते. नंतर कळलं की आपला 'अडीच' हा शब्दच संस्कृत 'अर्धतृतीय' यापासून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा! त्यांच्याकडे दीडलाही असाच जुना शब्द आहे, 'आंडरटहाल्ब', दुसरा अर्धा. आपली 'साडे'ची पद्धत मात्र उलटी आहे. 'हाल्ब फिअर' म्हणजे साडेतीन, साडेचार नव्हे. हे आधी लिहून फ्रिजवर चिकटवा.

पाचवी गोष्ट उच्चाराची. जर्मन 'त्साइट' म्हणजे वेळ, 'त्सान' म्हणजे दात. हा 'त्स' अनेकांना जमत नाही. आपण मात्र 'चाक', 'चांगला' मधला च रोज उच्चारतो, तोच तो. 'झोने' म्हणजे सूर्य, त्यातला झ 'माझा' मधला. नवे स्वर दोन. ओठ 'उ'चे करून 'ई' म्हणा, ओठ 'ओ'चे करून 'ए' म्हणा. आरशासमोर आठवडाभर करा, घरातले हसतील, हसू द्या. शब्दाच्या शेवटी ग, ड, ब आले तर क, ट, प असे कडक होतात. त्यामुळेच 'टाग' लिहितात आणि 'टाक' म्हणतात.

सहावी गोष्ट लहान आहे पण मला सगळ्यात प्रिय आहे. 'तू आली नाहीस?' असं कुणी म्हटलं की आपण म्हणतो, 'आले की!' हा 'की' इंग्रजीत सापडत नाही. जर्मनमध्ये आहे, 'डोख!' आणि 'ये जरा' मधल्या 'जरा'चं काम त्यांचा 'माल' करतो, 'कोम माल'. वर्गात या दोन शब्दांवर अर्धा तास खल चालला होता. मी मनात 'की' आणि 'जरा' ठेवले आणि सुटले.

हे झालं समजण्याचं. समजलेलं डोक्यात राहावं म्हणून काय केलं, तेही सांगते. १८८५ साली हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि उजळणी एकदम करण्यापेक्षा दिवसांत वाटून केली तर कमी कष्टात जास्त टिकतं. या तत्त्वावर झेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७२ सालच्या आपल्या पुस्तकात कार्डांच्या पेटीची युक्ती मांडली. फोनवरची बरीच साधनं आज याच जातीच्या युक्तीवर चालतात. मी प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांचा रिकामा खोका घरी आणला आणि पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. रोज दहा नवी कार्डं, त्याहून जास्त नाहीत. टायट्रेशन करताना तोटी एकदम सोडून चालत नाही, थेंब थेंबच सोडावा लागतो. इथेही तसंच आहे. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कामी येतात.

कार्डावर सुटा शब्द लिहू नका, वाक्य लिहा, आणि तेही तुमच्या कामाचं. 'हत्ती पाणी पितो' याचा मला काही उपयोग नव्हता. 'मुलाला कालपासून ताप आहे', 'हे परत करायचं आहे', 'उद्या आम्ही उशिरा येऊ' यांचा होता. आठवडाभरात कुठे कुठे तोंड उघडावं लागतं याची यादी करा आणि प्रत्येक ठिकाणची पाच वाक्यं तयार ठेवा.

मग मोठ्याने वाचणं. पुढे ट्रॉयचं उत्खनन केलेला हाइनरिश श्लीमान विशीत आम्स्टरडामला कारकुनी करत होता, तेव्हा तो भाषांमागून भाषा शिकला. त्याने आपली रीत लिहून ठेवली आहे: रोज तासभर, भरपूर मोठ्याने वाचायचं, भाषांतर करायचं नाही, छोटे निबंध लिहायचे, शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यायचे आणि पाठ करून म्हणून दाखवायचे. त्याच्या ओरडण्याला शेजारी इतके कंटाळले की त्याला दोनदा खोली बदलावी लागली. माझं नशीब चांगलं, माझी शेजारीणच माझी शिक्षिका होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे भेटीगाठींवर बंधनं आली, तेव्हा ओमा खाली आपल्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि मी वरच्या पायऱ्यांवर. अख्ख्या जिन्यात माझं वाचन घुमायचं. मध्येच खालून आवाज यायचा, "डी! डी, निश्ट डेअर!" माझा मुलगा माझ्या शेजारी बसून तीच दुरुस्ती मोठ्या आनंदाने पुन्हा करायचा. २०२१ च्या उन्हाळ्यात ओमांनी मला 'झी' सोडून 'डू' म्हणायला सांगितलं, म्हणजे 'तुम्ही'वरून 'तू'वर आणलं. इथे हे मोठ्यांनीच सुचवायचं असतं. 'अहो आजी' म्हणता म्हणता 'अगं आजी' झालं.

माझी रसायनशास्त्राची पदवीही तेव्हा जरा जमिनीवर आली. दुहेरी बंधाच्या दोन रूपांना आम्ही 'ई' आणि 'झेड' म्हणतो. वर्षानुवर्षं ही अक्षरं फळ्यावर लिहिली होती. ती 'एंटगेगन' म्हणजे विरुद्ध आणि 'त्सुझामन' म्हणजे एकत्र या जर्मन शब्दांची आद्याक्षरं आहेत, हे परीक्षेपुरतं घोकलेलं होतं. तोच 'त्सुझामन' हॉटेलातला वाढपी बिल एकत्र करू का विचारताना म्हणाला, तेव्हा तो शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. कळलं नसेल तर 'या, या' म्हणायचं नाही. कधीही नाही. त्याऐवजी तीन वाक्यं पहिल्याच दिवशी पाठ करा. "वी बिटे?" म्हणजे काय म्हणालात? "लांगझाम, बिटे." म्हणजे हळू बोला. आणि "क्योनन वीअर बिटे डॉइट्श श्प्रेशन?" म्हणजे आपण जर्मनमध्ये बोलू या का? तिसरं यासाठी की आपण अडखळलो की समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो आणि आपला सराव बुडतो. मान डोलवून वेळ मारून नेण्यात आपण फार पटाईत असतो. समोरच्याला त्रास नको म्हणून करतो, असं आपण स्वतःला सांगतो. मला विचाराल तर त्यात लाज जास्त असते. डॉक्टरेट झालेल्या बाईला पाच वर्षांच्या मुलाएवढंही बोलता येत नाही, ही लाज. ती एकदा गिळली की पुढचं सोपं जातं.

माझी पहिली खरी परीक्षा मंडळाच्या गणपतीच्या वेळी झाली. सभागृहाची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना फोन करून किल्ली, खुर्च्या आणि रात्री दहानंतरची शांतता यांबद्दल बोलायचं होतं. समोर माणूस दिसत नसताना परकी भाषा बोलणं फार कठीण. मी प्रश्न-उत्तरं कागदावर लिहून, जिन्यात ओमांसमोर दोनदा तालीम करून फोन लावला. त्यांनी कागदाबाहेरचं पहिलंच विचारलं, 'आरती म्हणजे किती मोठा आवाज?' मी जे काही सांगितलं त्यात व्याकरण नव्हतं, पण सभागृह मिळालं.

बी-१ परीक्षा मी २०२१ साली दिली, पुढच्या वर्षी बी-२. नागरिकत्वाला साधारणपणे बी-१ लागते. सरकारी एकात्मता अभ्यासक्रमात भाषेचे सर्वसाधारण ६०० तास धरलेले असतात, हा आकडा 'किती दिवस' विचारणाऱ्या मैत्रिणीने लक्षात ठेवावा. ब्लू कार्डवर आलेल्यांच्या जोडीदाराला इथे येण्यापूर्वी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. ती सवलत आहे, पण त्यामुळे आपल्यातल्या कितीतरी जणी एकही शब्द न येता इथे उतरतात आणि घरात एकट्या पडतात. पुण्यात असाल तोवर मॅक्समुल्लर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूट गाठा, असं तिकडच्या भाचरांना जरूर सांगा. इथे आल्यावर लोकविद्यापीठाचे वर्ग असतात. ऐकण्यासाठी डॉइचे वेले सावकाश वाचलेल्या बातम्या देते. आणि १९७१ पासून चालू असलेला उंदराचा तो मुलांचा कार्यक्रम, 'डी झेंडुंग मिट डेअर माउस', मोठ्यांनी बघायला हरकत नाही. पेन्सिल कशी बनते हे सोप्या जर्मनमध्ये आम्हा मायलेकांना एकदमच कळलं.

परीक्षांचे कागद फाइलीत आहेत. पण मला जर्मन येतं, हे मला त्या कागदांनी सांगितलं नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत एका सकाळी खालून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ओमांची एक किल्ली आमच्याकडे असायची. मी धावत गेले. त्या स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या, शुद्धीत होत्या, पण पाय हलवता येत नव्हता. मी ११२ फिरवला. तिकडून कुठे, काय झालं, किती जण, काय दुखापत असे प्रश्न येतात आणि आपण फोन ठेवायचा नसतो, ते विचारत राहतात. मी पत्ता सांगितला. पडल्या आहेत, श्वास चालू आहे, बोलतात, उजवं कंबर फार दुखतंय. वय? "झेक्स-उंट-आख्त्सिश." सहा आणि ऐंशी. शहाऐंशी. आकडा मनात मराठीत आला आणि तोंडातून जर्मनमध्ये गेला, मध्ये कुठे थांबला नाही. फोन कानाला तसाच धरून मी खाली बसले. ओमांनी माझा हात घट्ट धरला होता. त्या म्हणाल्या, "डेअर त्युअर! माख डी त्युअर आउफ." म्हणजे दार, दार उघडून ठेव. वेदनेने त्यांच्याच तोंडून दाराचं लिंग चुकलं होतं आणि पुढच्याच वाक्यात त्यांनी ते दुरुस्त केलं. मी दार उघडून ठेवलं.

त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या आता वृद्धाश्रमात असतात, ऐकू जरा कमी येतं. मंगळवारी आम्ही दोघं मायलेक जातो. आता मोठ्याने वाचण्याचं निमित्त त्यांच्या कानांचं असतं.

शनिवारी आपल्या मुलांचा मराठीचा वर्ग मी घेते. मुलं 'तो पुस्तक', 'ती पाणी' म्हणतात, तेव्हा पूर्वी मी वैतागायचे. आता मला जिन्यातल्या पायऱ्या आठवतात. मी फक्त "ते, ते पुस्तक" म्हणते आणि पुढे वाचू देते.

तेव्हा मैत्रिणी, किती दिवस लागतात ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण सुरुवात या शनिवारी करता येईल. मुलांचा वर्ग चालू असताना पालक बाहेरच्या बाकांवर बसून फोन बघत असतात. त्याच तासाला त्याच बाकांवर आपण मोठ्यांचा जर्मन वाचनाचा गट सुरू करतो आहोत. फी नाही, परीक्षा नाही. येताना चपलांचा एक रिकामा खोका आणि कात्री आणा. पुठ्ठा मंडळाचा.

कळावे, लोभ असावा.

— शनिवारच्या वर्गाची ताई